फिन गोल्ड कप : इतिहासाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकट्याने चालवायच्या 'फिन' या शिडाच्या होडीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1956 पासून 'फिन गोल्ड कप' या नावाने ओळखली जाते. या स्पर्धेचा उगम, तिचे विजेते आणि तिच्या नियमांमागची कारणे यांविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

फिन ही नेमकी कोणत्या प्रकारची होडी आहे?

फिन ही साडेचार मीटर लांबीची, सुमारे दीड मीटर रुंदीची आणि एकच शीड असलेली डिंगी, म्हणजे छोटी उघडी होडी आहे. शिडाचे क्षेत्रफळ सुमारे दहा चौरस मीटर असते. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा किंवा दोर नसतात. ती होडीच्या तळाशी आणि वरच्या फळीशी अडकवलेली असते, आणि वारा वाढला की धनुष्यासारखी वाकते. होडीच्या सांगाड्याचे वजन शंभर किलोंच्या थोडे वर असते, त्यामुळे ती उलटू नये म्हणून चालकाला पायपट्ट्यांत पाय अडकवून, कडेवर बसून, सगळे शरीर पाण्याच्या बाजूला बाहेर झोकावे लागते. शिडावरच्या दोन निळ्या नागमोडी रेषांवरून ही होडी लांबूनही ओळखता येते.

मराठी वर्तमानपत्रांत वल्हवण्याच्या शर्यतींनाही 'नौकानयन' म्हणतात आणि शिडाच्या शर्यतींनाही, त्यामुळे येथे एक खुलासा करायला हवा. फिनला वल्ही नसतात. शर्यतीत ती वाऱ्याच्या बळावर आणि चालकाच्या शरीराच्या वजनावर चालते.

ही होडी कोणी आणि कशासाठी तयार केली?

1948 च्या ऑलिंपिकमध्ये एकट्या चालकासाठी 'फायरफ्लाय' ही होडी वापरली होती, पण ती मुळात दोघांनी चालवायची होडी होती. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खास एकट्याची होडी हवी होती, म्हणून फिनलंडमध्ये आराखड्यांची स्पर्धा जाहीर झाली. स्वीडनच्या उप्साला शहरातील रिकार्ड सार्बी यांनी 1949 मध्ये आपला आराखडा तयार केला. सार्बी व्यवसायाने केशकर्तनकार होते. शिडाच्या कॅनू बांधणे आणि चालवणे हा त्यांचा ध्यास होता, आणि फिनच्या निमुळत्या, चपळ तळावर त्या कॅनूंची छाप स्पष्ट दिसते. कागदावरच्या निवडीत हा आराखडा मागे पडला होता, परंतु प्रत्यक्ष होड्या पाण्यात उतरवून चाचण्या घेतल्या तेव्हा सार्बींची होडीच पुढे राहिली आणि तीच निवडली गेली.

सार्बी स्वतः उत्तम चालकही होते. 1948 मध्ये फायरफ्लाय गटात ते चौथे आले होते, आणि 1952 मध्ये आपणच आखलेल्या होडीत बसून त्यांनी कांस्यपदक मिळवले. सुवर्णपदक डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रम यांना आणि रौप्यपदक ब्रिटनच्या चार्ल्स करी यांना मिळाले.

मग गोल्ड कप केव्हा आणि कोठे सुरू झाला?

ऑलिंपिक दर चार वर्षांनी येते आणि त्यात प्रत्येक देशाला एकच फिन उतरवता येते. ज्या देशांत चार-पाच तुल्यबळ चालक होते, तेथील बाकीच्यांना जगातल्या उत्तमांशी गाठ घालण्याची दुसरी संधी नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी इंग्लंडच्या बर्नहॅम-ऑन-क्राऊच येथील रॉयल कोरिंथियन यॉट क्लबचे तत्कालीन कमोडोर (प्रमुख) एफ. जी. मिचेल यांनी एक चषक बहाल केला, आणि 1956 मध्ये त्याच क्लबच्या पाण्यात पहिली स्पर्धा झाली. आंतरराष्ट्रीय फिन संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली. होडी, संघटना आणि चषक यांची अशी सांगड पडल्यामुळे ही स्पर्धा फिन वर्गाची, म्हणजे या प्रकारच्या होड्यांची, अधिकृत जागतिक स्पर्धा म्हणून टिकून राहिली.

पहिला चषक बेल्जियमच्या आंद्रे नेलिस यांनी जिंकला. त्याच वर्षीच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये एल्व्हस्ट्रम यांच्यामागे दुसरे आलेले तेच हे नेलिस. 1960 मध्ये नेपल्सच्या पाण्यात त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि 1961 मध्ये जर्मनीतील त्रावेम्युंडे येथे गोल्ड कप दुसऱ्यांदा जिंकला. एल्व्हस्ट्रम यांच्या झळाळीत नेलिस यांचे नाव झाकोळले गेले आहे, पण स्पर्धेच्या आरंभीच्या काळात त्या डॅनिश चालकाला सतत धाकात ठेवणारा माणूस हाच होता.

पॉल एल्व्हस्ट्रम यांचे या स्पर्धेतील स्थान काय?

एल्व्हस्ट्रम यांनी 1958 मध्ये झेब्रुगे येथे आणि 1959 मध्ये कोपनहेगन येथे गोल्ड कप जिंकला. म्हणजे चषक दोनच. पण 1948 ते 1960 या काळात लागोपाठच्या चार ऑलिंपिकमध्ये त्यांनी एकट्याच्या गटात सुवर्णपदक मिळवले आणि त्यांपैकी शेवटची तीन फिनमधली होती.

आकड्यांपेक्षा त्यांनी सरावाची जी पद्धत रुजवली ती अधिक महत्त्वाची आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्यांच्यापूर्वी शिडाची शर्यत हा बव्हंशी कसबाचा आणि वाऱ्याच्या अंदाजाचा खेळ मानला जात असे. शरीर कमावण्याचा विचार त्यात फारसा नव्हता. एल्व्हस्ट्रम यांनी घरी होडीच्या कडेसारखे बाक तयार करून त्यावर पाय अडकवून तासन्‌तास बाहेर झोकून राहण्याचा सराव केला, आणि जोरदार वाऱ्यात इतर चालक थकून आत सरकत तेव्हा ते बाहेरच राहिले. पायपट्ट्यांचा पद्धतशीर वापर त्यांच्यामुळे सर्वत्र पसरला, आणि होडी वेगात असताना आत साचलेले पाणी आपोआप बाहेर ओढणारे, त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे झडपेचे साधन आज फिनपलीकडच्या असंख्य होड्यांतही बसवलेले असते.

गोल्ड कप ऑलिंपिकपेक्षा कठीण असतो, असे का म्हटले जाते?

याचे पहिले कारण वर आलेच आहे : ऑलिंपिकमध्ये एका देशाची एक होडी, तर येथे एकाच देशाचे अनेक चालक. 1960 च्या दशकात एकाच स्पर्धेत शंभराहून अधिक फिन उतरू लागल्या होत्या. इतक्या होड्या एका रेषेवरून एकाच वेळी सुटतात तेव्हा पहिल्या काही मिनिटांत जो मागे पडतो, त्याच्या शिडाला पुढच्या शिडांमुळे ढवळलेला वारा मिळतो, आणि मग उरलेली शर्यत केवळ मोकळा वारा शोधण्यात जाते. वीस-पंचवीस होड्यांच्या ऑलिंपिक ताफ्यात अशी चूक सावरता येते. शंभराच्या ताफ्यात ती बहुधा सावरत नाही.

दुसरे कारण साहित्याचे आहे. दीर्घकाळ ऑलिंपिकमध्ये फिन आयोजकच पुरवत असत, तर गोल्ड कपला चालक आपली होडी, आपली डोलकाठी आणि आपले शीड घेऊन येत. त्यामुळे ऑलिंपिकमध्ये अनोळखी होडीशी जुळवून घेणारा चालक सरस ठरे, आणि गोल्ड कपमध्ये आपल्या वजनाला व ताकदीला साजेशी डोलकाठी आणि शीड यांची जोडी वर्षभर खपून जमवणारा.

म्हणूनच दोन्ही याद्या जुळत नाहीत. 1968 चे फिनमधील ऑलिंपिक विजेते, सोव्हिएत संघाचे व्हॅलेंतिन मान्किन, यांनी पुढे आणखी दोन वेगळ्या प्रकारच्या होड्यांतही ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. गोल्ड कपच्या विजेत्यांत मात्र त्यांचे नाव नाही. एल्व्हस्ट्रम, पश्चिम जर्मनीचे विली कूहवायडे, फ्रान्सचे सर्ज मोरी, पोलंडचे मातेउश कुश्निएरेविच, ब्रिटनचे बेन एन्स्ली आणि जाईल्स स्कॉट यांनी दोन्ही मान मिळवले आहेत.

सलग तीन वेळा चषक जिंकणारे यॉर्ग ब्रूडर कोण होते?

ब्रूडर हे ब्राझीलच्या साओ पाउलोचे. 1970 मध्ये पोर्तुगालमधील काश्काईश, 1971 मध्ये कॅनडातील टोरोंटो आणि 1972 मध्ये इटलीतील आंझिओ अशा तीन अगदी वेगळ्या पाण्यांत त्यांनी लागोपाठ तीन गोल्ड कप जिंकले. त्यांच्यापूर्वी सलग तीन कोणालाच जमले नव्हते. कूहवायडे यांचेही तीन चषक आहेत (1963, 1966 आणि 1967), परंतु त्यांत खंड आहे.

ब्रूडर लाकडी डोलकाठ्या बनवण्यात वाकबगार होते. आपली डोलकाठी कोठे ताठ राहावी आणि कोठे वाकावी याची जाण ज्याच्या हातात असते, त्याला फिनमध्ये अर्धी लढाई किनाऱ्यावरच जिंकता येते. त्यांच्या डोलकाठ्या इतर देशांतील प्रतिस्पर्धीही वापरत, म्हणजे ते अनेकदा स्वतःच्याच हातच्या कामाशी लढत होते.

1973 चा गोल्ड कप फ्रान्समधील ब्रेस्ट येथे होता. त्या स्पर्धेसाठी निघालेले ब्रूडर ज्या व्हारिग कंपनीच्या विमानात होते, त्याला 11 जुलै 1973 रोजी पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाजवळ पोहोचत असताना आग लागली आणि वैमानिकांना ते शेतात उतरवावे लागले. या अपघातात 123 जण मृत्युमुखी पडले. ब्रूडर त्यांपैकी एक होते. ब्रेस्टचा चषक सर्ज मोरी यांनी जिंकला. 23 वर्षांखालील फिन चालकांच्या जागतिक स्पर्धेचा चषक आज ब्रूडर यांच्या नावाने दिला जातो. बोलण्यात त्याला 'सिल्व्हर कप' म्हणतात.

सर्वाधिक गोल्ड कप कोणाच्या नावावर आहेत?

बेन एन्स्ली यांच्या नावावर, एकूण सहा : 2002 (अथेन्स), 2003 (कादिझ), 2004 (रिओ दी जानेरो), 2005 (मॉस्को), 2008 (मेलबर्न) आणि 2012 (फॅलमथ). 2000 मध्ये 'लेझर' या हलक्या होडीत ऑलिंपिक सुवर्ण मिळवल्यानंतर ते फिनकडे वळले आणि त्यासाठी त्यांना मुद्दाम वजन व ताकद वाढवावी लागली. 2006 आणि 2007 मध्ये ते अमेरिका कप या मोठ्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीच्या तयारीत गुंतलेले होते. त्या दोन वर्षांत अनुक्रमे डेन्मार्कचे योनास होग-क्रिस्टेन्सन आणि स्पेनचे राफाएल त्रुहियो विजेते ठरले.

एन्स्ली यांच्या खालोखाल चार चषकांचे मानकरी जाईल्स स्कॉट येतात. तीन-तीन चषक जिंकणाऱ्यांत कूहवायडे आणि ब्रूडर यांच्यासह डेन्मार्कचे लासे योर्टनेस व स्वीडनचे फ्रेडरिक लोफ यांची नावे येतात.

2011 मध्ये पर्थ येथे एन्स्ली अपात्र का ठरले?

2011 ची स्पर्धा ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे सर्व ऑलिंपिक होड्यांच्या संयुक्त जागतिक स्पर्धेचा भाग म्हणून डिसेंबरमध्ये झाली. एन्स्ली विजेतेपदाच्या दावेदारीत होते. एका शर्यतीत चित्रीकरण करणाऱ्या मोटरबोटीच्या लाटांमुळे आपला वेग मोडला, असे त्यांचे म्हणणे होते. शर्यत संपल्यावर ते पाण्यात उडी मारून त्या बोटीवर चढले आणि तेथील माणसांशी त्यांची बाचाबाची झाली. शिडाच्या शर्यतींत गैरवर्तनाची चौकशी पंचांची समिती स्वतंत्र नियमाखाली करते. तिने त्यांना दोन शर्यतींतून अपात्र ठरवले, आणि तेथेच त्यांची विजेतेपदाची आशा संपली.

त्या वर्षीचा चषक जाईल्स स्कॉट यांनी जिंकला. परंतु लंडन ऑलिंपिकसाठी ब्रिटनची एकमेव जागा एन्स्ली यांना मिळाली होती, आणि विद्यमान जगज्जेता असूनही स्कॉट यांना घरच्या ऑलिंपिकमध्ये उतरता आले नाही. 'एक देश, एक होडी' या नियमाची धार किती असते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल. स्कॉट यांनी पुढे 2014, 2015 आणि 2016 चे गोल्ड कप आणि त्यानंतर दोन ऑलिंपिक सुवर्णे मिळवली.

जॉन बर्ट्रंड नावाचे चालक दोन होते का?

होय, आणि हा घोळ नेहमी होतो. 1978 मध्ये मेक्सिकोतील मान्झानियो येथे गोल्ड कप जिंकणारे आणि 1984 मध्ये फिनमध्ये ऑलिंपिक रौप्य मिळवणारे जॉन बर्ट्रंड अमेरिकेचे. 1976 मध्ये फिनमध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवणारे आणि 1983 मध्ये 'ऑस्ट्रेलिया 2' या नौकेचे नेतृत्व करून अमेरिका कप अमेरिकेकडून हिसकावून घेणारे जॉन बर्ट्रंड ऑस्ट्रेलियाचे.

स्पर्धा कोठे कोठे झाली?

पहिली तेरा वर्षे ती युरोपबाहेर गेली नाही. 1969 मध्ये बर्म्युडा येथे ती प्रथम अटलांटिकपलीकडे झाली आणि 1976 मध्ये ब्रिस्बेन येथे दक्षिण गोलार्धात पोहोचली. बहुतेक ठिकाणे समुद्रकाठची आहेत, पण नेहमीच नाही : 2005 मध्ये मॉस्कोजवळच्या जलाशयात आणि 2017 मध्ये हंगेरीच्या बालातोन सरोवरात गोड्या पाण्यावर चषक खेळला गेला. उघड्या समुद्रावरच्या लांब लाटांत ताकदीचा चालक पुढे जातो. सरोवरावर वारा सतत दिशा बदलतो आणि तेथे डोळस चालकाला वाव मिळतो. 2003, 2007, 2011, 2014 आणि 2018 या वर्षी गोल्ड कप स्वतंत्रपणे न होता सर्व ऑलिंपिक होड्यांच्या संयुक्त जागतिक स्पर्धेत सामावला गेला.

1956 ची फिन आणि आजची फिन एकच आहे का?

आकार तोच, बाकी जवळजवळ सगळे बदलले. होडीचा सांगाडा आरंभी लाकडी होता. 1960 च्या दशकात फायबरग्लास आले. डोलकाठी लाकडाची होती. 1970 च्या सुमारास ॲल्युमिनियमची आणि 1990 च्या दशकात कार्बन फायबरची झाली. शिडे सुती कापडापासून कृत्रिम धाग्यांच्या कापडाकडे आणि नंतर थर चिकटवून केलेल्या पातळ पापुद्र्यांकडे गेली.

प्रत्येक बदलाबरोबर एक वाद आला आणि प्रत्येक वादातून एखादा नियम निघाला. त्यांपैकी सर्वांत चतुर नियम वजनाच्या वाटणीचा आहे. एकूण वजन ठरलेले असले तरी कारागीर होडीची दोन्ही टोके हलकी करून सगळा भार मध्यभागी आणू लागले, कारण टोके हलकी असलेली होडी लाटेवर चटकन वर येते आणि कमी डुचमळते. तराजूवर हे कळत नाही. फ्रान्सचे मापनाधिकारी गिल्बेर लांबोले यांनी 1970 च्या दशकात यावर उपाय काढला : होडी लंबकासारखी टांगायची, झुलवायची आणि झोक्याचा काळ मोजायचा. भार मध्याकडे एकवटला असेल तर झोका जलद होतो, टोकांकडे पसरला असेल तर संथ. शाळेतल्या भौतिकशास्त्रातले हे सूत्र वापरल्यामुळे नवी होडी आणि जुनी होडी यांच्यातील दरी बरीच कमी झाली, आणि 'लांबोले चाचणी' पुढे इतर वर्गांनीही स्वीकारली.

चालक अंगावर पाणी भरलेली जाकिटे घालत असत, हे खरे आहे का?

खरे आहे. जड चालक कडेवरून बाहेर झोकला की होडी अधिक सपाट आणि अधिक वेगवान राहते, म्हणून हलके चालक प्रथम ओले लोकरी स्वेटर एकावर एक चढवत आणि नंतर पाण्याच्या पिशव्या शिवलेली जाकिटे वापरू लागले. गुडघ्यांवर आणि पाठीवर याचा काय परिणाम होत असेल, हे सांगायला वैद्य नको. पुढे नियमांनी अंगावरच्या कपड्यांच्या वजनावर मर्यादा घातली. डोलकाठ्या आणि शिडे चालकाच्या वजनानुसार बेतता येऊ लागल्यावर या उपद्व्यापाची गरजही कमी झाली, तरी फिन ही धिप्पाड माणसाची होडी राहिली ती राहिलीच. 90 ते 100 किलोंच्या आसपासचे चालक येथे सहज दिसतात.

शर्यतीत शीड हाताने हलवून वेग वाढवणे नियमबाह्य नाही का?

एरवी नियमबाह्यच आहे. होडी वाऱ्याने आणि पाण्याने चालावी, अंगमेहनतीच्या हिसक्यांनी नव्हे, असे मूळ तत्त्व आहे. परंतु फिन वर्गाने वारा ठरावीक वेगापलीकडे गेल्यावर ही बंदी उठवण्याची मुभा दिली आहे. त्या वेळी पंच ठरलेला ध्वज दाखवतात आणि वारा मागून घेत जाताना चालक शिडाचा दोर वारंवार ओढून होडी लाटांवर चढवतात. यामुळे खेळ आणखी दमवणारा झाला. प्रेक्षकांसाठी मात्र तो भाग सर्वांत पाहण्याजोगा असतो.

विजेता कसा ठरतो?

स्पर्धा अनेक दिवस चालते आणि अनेक शर्यती होतात. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, अशी मोजणी होते. सर्वांत कमी गुणांचा चालक जिंकतो आणि प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत सोडून दिली जाते. ऑलिंपिकमध्ये रुळलेली, पहिल्या दहा चालकांची दुप्पट गुणांची अंतिम शर्यत पुढे गोल्ड कपमध्येही आली. आठवडाभराची सातत्यपूर्ण कामगिरी एका छोट्या शर्यतीवर टांगणे जुन्या चालकांना रुचले नाही, आणि त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही.

फिन ऑलिंपिकमधून का वगळली गेली?

1952 पासून टोकियो 2020 पर्यंत सलग 18 ऑलिंपिकमध्ये फिन होती. दुसरी कोणतीही डिंगी इतका काळ टिकली नाही. पॅरिस 2024 साठी स्त्री आणि पुरुष यांच्या पदकांची संख्या समान करायची होती आणि काइटसारखे (पतंगाच्या ओढीने पाण्यावरून धावण्याचे) नवे प्रकार आणायचे होते, म्हणून जागतिक सेलिंग संघटनेने 2018 मध्ये केलेल्या निवडीत फिनला जागा उरली नाही. वजनदार पुरुष चालकांना यामुळे ऑलिंपिकमध्ये एकट्याने उतरण्यासाठी होडीच उरत नाही, असा फिन संघटनेचा मुख्य आक्षेप होता.

शेवटची ऑलिंपिक शर्यत 2021 च्या उन्हाळ्यात जपानमधील एनोशिमा येथे झाली. 1964 च्या ऑलिंपिकमध्येही फिन याच पाण्यात उतरली होती आणि तेव्हा सुवर्ण कूहवायडे यांनी जिंकले होते. या वेळी सुवर्ण स्कॉट यांना, रौप्य हंगेरीच्या झोम्बोर बेरेट्स यांना आणि कांस्य स्पेनच्या जोआन कार्दोना यांना मिळाले. 2000 पासूनच्या सहाही ऑलिंपिकमध्ये फिनचे सुवर्ण ब्रिटनकडेच गेले. याच काळाच्या उत्तरार्धात गोल्ड कप मात्र देशोदेशी फिरत होता : 2017 मध्ये स्वीडनचे मॅक्स सालमिनेन, 2018 मध्ये बेरेट्स, 2019 मध्ये न्यूझीलंडचे जॉश ज्युनियर, आणि 2020 ची स्पर्धा महासाथीत रद्द झाल्यानंतर 2021 मध्ये पोर्तुगालमधील पोर्तो येथे त्यांचेच देशबांधव अँडी मलोनी.

ऑलिंपिकनंतर गोल्ड कपचे काय झाले?

तो चालू आहे. 2022 ची स्पर्धा इटलीतील गार्डा सरोवरावर माल्चेसिने येथे झाली. सरकारी निधीवर पूर्ण वेळ सराव करणारे संघ निघून गेले, हा बदल मोठा होता. पण या वर्गाचा कणा पूर्वीपासूनच हौशी आणि प्रौढ चालकांचा आहे. चाळीशी ओलांडलेल्यांच्या जागतिक स्पर्धेला 2016 मध्ये त्याच सरोवरावरील तोर्बोले येथे तीनशेहून अधिक फिन जमल्या होत्या. आपली होडी आपणच गाडीमागे जोडून आणायची, आपणच जुळवायची आणि संध्याकाळी आपणच धुवायची, ही त्या स्पर्धेची रीत आता गोल्ड कपमध्येही पुन्हा दिसू लागली आहे.